अभ्यासिकेसाठी निधी: ऑर्केस्ट्रा, हुरडा की आणखी काही?

जुळेसोलापूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही काही जण एक अभ्यासिका चालवतो. बंद पडलेल्या मागाची शेड भाड्याने घेतलीय, संध्याकाळी सहा ते दहा उघडी असते. येणारी पोरं-पोरी बहुतेक यंत्रमाग कामगारांच्या आणि विडी वळणाऱ्या बायांच्या घरातली. ज्यांनी तो भाग आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार, आणि माग रात्रपाळीतही चालू. त्या खडखडाटात दहावीचं बीजगणित सोडवून दाखवा.

शेडला वर नुसता पत्रा आहे. मार्च लागला की तिथे बसवत नाही, म्हणजे ऐन बोर्डाच्या परीक्षेत पोरं गळतात. पत्र्याखाली छत, आठ पंखे, पंचवीस बाकडी आणि एक इन्व्हर्टर, असा साधारण तीन लाखांचा खर्च काढलाय. ट्रस्ट नोंदणीकृत आहे, ८०जी (देणगीदाराला आयकरात सूट) आहे, हिशेब दरवर्षी तपासून घेतो.

पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचं नाही हे ठरलंय. गणपती, नवरात्र, जयंत्या, वर गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा). सोलापूरकराच्या दारात आणखी एक पावतीपुस्तक न्यायची आमचीच छाती होत नाही. म्हणून डिसेंबरात एखादा कार्यक्रम करावा असं चाललंय. आतापर्यंत तीन गोष्टी पुढे आल्यात: हुतात्मा स्मृती मंदिरात जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, हुरडा पार्टी, आणि कुपनं विकून लकी ड्रॉ (पहिलं बक्षीस स्कूटर). आणखी काही सुचतंय का? शक्यतो सोलापुरातच होऊ शकेल असं.

नाट्यवेडा

ऑर्केस्ट्राच करा. मध्यवर्ती जागा आहे, लोकांच्या पायाखालची वाट आहे. चांगल्या कामासाठी आधी माणसं एका जागी जमवावी लागतात, पैसा त्यांच्या मागून येतो. १९३८ साली आपले डॉ. कोटणीस ज्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, त्या पथकासाठी देशभर ‘चीन दिन’ पाळून लोकांकडून पैसे उभे केले होते. सभा झाल्या म्हणून झोळ्या भरल्या. गाणी आणि दोन चांगली भाषणं, एवढं पुरे.

हिशेबनीस

नाट्यवेडा, ऑर्केस्ट्रावर माझा राग नाही, त्याच्या हिशेबावर आहे. हॉलचं भाडं, ध्वनी, प्रकाश, वादक, गायक, त्यांची जेवणं, फ्लेक्स. मग पाहुणे. पाहुणे आले की हार, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, आणि त्यांच्याबरोबर आलेल्यांना पहिल्या तीन रांगा फुकट. एका मंडळाचे असे हिशेब मी डोळ्यांनी पाहिलेत, नाव घेत नाही. हॉल भरला, वन्स मोअर झाले, आणि शेवटी कार्यकर्त्यांनी खिशातून भर घातली. आपल्याकडे लोक तिकीट काढत नाहीत, पास मागतात.

लकी ड्रॉचं तर नावच काढू नका. पैसे घेऊन कुपन द्यायचं आणि चिठ्ठी काढून बक्षीस द्यायचं म्हणजे कायद्याच्या लेखी लॉटरी. सरकारी परवानगीशिवाय ती चालवणं गुन्हा आहे, पैसे अभ्यासिकेला जाणार असले तरीही.

तुमचा ट्रस्ट आहे हे बरं झालं. नाहीतर नुसत्या मित्रमंडळानं सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क खाली परवानगी काढावी लागते, गणेश मंडळं काढतात तीच. तीन गोष्टी मात्र आत्ताच लिहून ठेवा. यूपीआयचा क्यूआर ट्रस्टच्या खात्याचाच हवा, खजिनदाराच्या मोबाईलचा नको. दोन हजारांच्या वर रोख देणगी घेतलीत तर देणाऱ्याला तिच्यावर ८०जीची सूट मिळत नाही. आणि ज्याच्या बदल्यात तुम्ही वस्तू किंवा जेवण देता त्या रकमेला देणगी म्हणून पावती फाडू नका, ती विक्री आहे. दोन वेगळी पुस्तकं ठेवा.

बाळीवेसबाळ

हिशेबनीस काका आले की धाग्याचं ऑडिट होतंय बे 😄

कडकभाकरी

हुरड्याबद्दल लिहिते, कारण दरवर्षी कुणीतरी ही कल्पना काढतं. हुरडा शेतातच खावा. कणीस काढल्या काढल्या आगटीत भाजायचं, हातावर चोळायचं आणि गरम गरम तोंडात. शहरातल्या मैदानात आणेपर्यंत त्याचा कोवळेपणा जातो. त्यात आगटीचा धूर, आणि पाचशे माणसांना कणसं भाजून द्यायची तर माणसं किती लागतील बघा. शेतावर न्यायचं तर गाड्या आल्या. तो श्रीमंतांचा कार्यक्रम होतो आणि अभ्यासिकेतल्या पोरांचे आईबाप त्यात येतच नाहीत.

माझा धंदा कडक भाकरीचा आहे म्हणून म्हणते असं समजा हवं तर, पण जेवण ठेवायचंच असेल तर कडक भाकरी ठेवा. कारण एकच: उरली तर वाया जात नाही. वडापाव, पुलाव उरला की रात्री फेकायचा. कडक भाकरी पुढे कित्येक दिवस टिकते, उरलेली पाकिटात घालून दुसऱ्या दिवशी विकता येते. शेंगा चटणीचंही तेच. त्याबरोबर दही, कांदा, मिरचीचा ठेचा. शंभर-सव्वाशेला ताट लावलं तर निम्मे हातात राहतील.

एक अट. भाकरी थापणाऱ्या बायांची मजुरी पूर्ण द्यायची. माझ्या वाटचा नफा मी सोडते, पण ‘चांगलं काम आहे, एक दिवस फुकट करा’ असं त्यांना कुणी म्हणायचं नाही. त्यांचीच पोरं त्या शेडमध्ये बसतात.

जुळेसोलापूरकर

ताई, अट मान्य. लिहून घेतली.

बाळीवेसबाळ

एक बोलू का? चेष्टा नाही. आपल्याकडं येणारा पाहुणा चादर घेऊन जातो, टॉवेल घेऊन जातो, पण माग कुणी चालवून बघितलेला नसतो. मी पण नाही, सोलापुरात जन्म जाऊन. मैदानात एक हातमाग उभा करा. शंभर रुपये द्या, बसा, धोटा (आडवा धागा नेतो तो) मारा. संध्याकाळभर कापड वाढत जाईल, शेवटी त्याचा लिलाव.

पुण्यातलासोलापुरी

वा! हे आवडलं. मी यासाठी शनिवारी इंद्रायणी पकडून येईन.

पूर्वभाग७२

मी आयुष्यभर मागावर बसलो, आधी हातमाग, मग पॉवरलूम. कल्पना चांगली आहे, पण त्यात काय काय होईल ते आधी सांगतो.

नवशिक्याला पाय, हात आणि डोळे एका वेळी चालवता येत नाहीत. पायाखालची फळी दाबायची, दोरी ओढून धोटा मारायचा, फणी ठोकायची. क्रम चुकला की धोटा मध्येच अडकतो, जोर चुकला की बाहेर उडतो. धोट्याला दोन्हीकडं लोखंडी टोक असतं. त्यामुळं मागाच्या दोन्ही बाजूला कुणी उभं राहायचं नाही, दोरी बांधा. पोरं हमखास तिथंच येऊन उभी राहतात.

दुसरं, ताण्याचे (उभे) धागे तुटणार. बारीक सूत लावलं तर दर पाच मिनिटाला तुटेल आणि मी धागे जोडत बसेन, रांग ओरडत राहील. जाडं सूत लावा, इंचाला वीस धागे बसतील असं. कापड खादीच्या टॉवेलासारखं होईल, होऊ दे.

आता हिशेब. एक माणूस बसवायचा, दाखवायचं, वीस वेळा धोटा मारून घ्यायचा, उठवायचं, फोटो काढू द्यायचा: पाच मिनिटं. पाच तासांत साठ माणसं. प्रत्येकानं एक इंच विणलं तर साठ इंच, म्हणजे पाच फूट कापड. शंभर रुपयांनी सहा हजार आले. त्यात टेम्पो आणि विणकराची दिवसाची मजुरी. मग राहिलं काय?

पाच-पाच धोटे मारू द्या. दोन मिनिटांत माणूस उठेल, दीडशे माणसं होतील, पंधरा हजार येतील. कापड सव्वातीन फूटच्या आतच राहील, पण बघायला गर्दी जमेल, आणि गर्दी भाकरी खाईल. माग हा गर्दी ओढायला धरा, तीन लाख ओढायला नाही.

हिशेबनीस

आजोबा, अशी माहिती ऑडिटमध्येसुद्धा मिळत नाही. धन्यवाद.

पुण्यातलासोलापुरी

बाहेरगावच्यांचं काय? पुण्यात, मुंबईत, हैदराबादमध्ये आमच्यासारखे ढिगाने आहेत. आम्हाला भाकरीचं ताट पाठवता येत नाही. नुसता क्यूआर टाकलात तर शंभरातले पाच जण पैसे टाकतील, बाकीचे अंगठा दाखवून पुढे जातील. घरपोच येईल अशी एखादी वस्तू ठेवा.

जेकार्डवाला

मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाईन करतो. बराच वेळ वाचतोय, आता राहवत नाही.

अभ्यासिकेतल्या पोरांनी चित्रं काढू द्या. ती मी जेकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) घेतो. टॉवेलवर पोराचं चित्र विणलेलं, छापलेलं नाही. पूर्वी जेकार्डला पुठ्ठ्याची कार्डं भोकं पाडून ओवायला लागायची, एका डिझाईनला शेकड्यांनी. तेव्हा हे परवडलं नसतं. आता संगणकावर डिझाईन होतं आणि फाईल मागाला देता येते.

काही गोष्टी आधीच सांगतो. दोनच रंग मिळतील. पेन्सिलची बारीक रेघ टॉवेलच्या वर उठलेल्या धाग्यांत हरवून जाते, म्हणून जाड स्केचपेननं काढायला सांगा. छटा, शेडिंग काही नको. रिकामी जागा भरपूर असू दे. आणि मालक पाचशे नगांसाठी बीम (ताण्याच्या धाग्यांचा रूळ) बदलणार नाही, त्यामुळं जो रंग आधीच चढलेला असेल तोच घ्यावा लागेल. मोठी ऑर्डर संपली की शेवटी आपला माल काढता येतो. रुंद मागावर तीन टॉवेल शेजारी शेजारी निघतात, म्हणजे एका वेळी तीन चित्रं.

हात पुसायच्या आकाराचा ठेवला तर पॅकिंगसकट नव्वद-शंभरात बसेल असं वाटतं, मालकाशी बोलून सांगतो. दोनशेला विका. आधी ऑर्डर आणि पैसे, मग विणकाम. माल पडून राहायचा प्रश्नच नाही.

नाट्यवेडा

मी माझा ऑर्केस्ट्रा मागे घेतो. चित्राचा विषय सिद्धेश्वर मंदिर ठेवा. तळ्यातलं देऊळ म्हणजे सोलापूरची ओळख, हातोहात जाईल.

कडकभाकरी

नको हो! टॉवेल आहे तो. लोक तोंड पुसतील, पाय पुसतील. सिद्धरामेश्वराचं देऊळ त्यावर? पहिल्याच दिवशी भांडण.

जेकार्डवाला

ताईंचं शंभर टक्के बरोबर. कारखान्यातही आम्ही देव, देऊळ, महापुरुष टॉवेलवर घेत नाही. ते वॉल हँगिंगवर.

सातरस्ता

मी शिक्षिका आहे. दोन गोष्टींकडे लक्ष द्या.

चित्रांची स्पर्धा करू नका. पहिला-दुसरा नंबर काढलात की तीन पोरं हसतील आणि चाळीस घरी जाऊन गप्प बसतील. मागावर जी नीट उतरतात ती घेतली, असं मुलांना सरळ सांगा, त्यांना कळतं. बाकीची चित्रं मैदानात दोरीवर लावा. टॉवेलवर पोराचं पहिलं नाव आणि वय पुरे, तेही आईवडिलांना विचारून. आडनाव, शाळा, पत्ता काही नको.

आणि कृपा करून मुलांना स्टेजवर उभं करून ‘या गरीब मुलांना मदत करा’ म्हणू नका. वह्या देतानाचे फोटो मी खूप पाहिलेत, त्यात हसणारा फक्त देणारा असतो. मुलांना त्या दिवशी काम द्या. कुपन फाडायला, पाणी द्यायला, मागाशेजारी उभं राहून धोटा कसा मारायचा ते समजावून सांगायला. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना ते येतंय. पाहुणे नवशिके आणि पोरं वस्ताद, असं एक दिवस होऊ द्या.

पूर्वभाग७२

हे मॅडमनी लाख बोललं. आमच्यातल्या पोरांना कांड्या भरता येतात, तुटलेला धागा जोडता येतो. मला मदतीला तीच द्या, मोठी माणसं नको.

जुळेसोलापूरकर

धागा कुठून कुठे गेला! ठरवल्यासारखं लिहितो: शाळेचं मैदान, एक हातमाग, भाकरीचं ताट, चित्रं दोरीवर, टॉवेल आधी बुकिंग करून. मुख्य पाहुणे नाहीत, सत्कार नाहीत, फ्लेक्सवर एकाचाही चेहरा नाही. आमच्यातल्या दोघांचे चेहरे हे वाचून पडलेत, पण पडू द्या. आता तारीख सांगा.

कडकभाकरी

गुरुवार नको, मार्गशीर्षातले गुरुवार बायका उपवास आणि पूजेत असतात. चंपाषष्ठीच्या आसपास बाळे इथं खंडोबाची यात्रा. जानेवारी लागला की गड्ड्याची गडबड. डिसेंबरचा शेवटचा आठवडा नको, शाळांची गॅदरिंग असतात. मधला रविवार धरा.

पूर्वभाग७२

तारखेच्या आधी पाण्याचा दिवस बघा. आमच्याकडं रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. त्या संध्याकाळी बायका आणि पोरं घागरी घेऊन घरातच. तुम्ही मैदानात सोन्याचा माग लावला तरी कुणी येणार नाही.

बाळीवेसबाळ

जुळे सोलापूरवाल्यांना वेगळ्या दिवशी पाणी, आमच्याकडं वेगळ्या. सगळ्यांचा कोरडा दिवस काढायला पंचांग लागेल बे.

हिशेबनीस

पूर्व भागाचा पाळा, बाकीचे येतील. मैदानाची परवानगी शाळेकडून लेखी घ्या, पोलीस ठाण्यात अर्ज द्या. स्पीकर लावलात तर रात्री दहाला बंद, नियम देशभर एकच आहे. ताईंकडे अन्नपदार्थांची नोंदणी असेलच, तिची प्रत स्टॉलवर लावा. फलक मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही लिहा, नाहीतर ज्यांच्या भागात कार्यक्रम आहे त्यांनाच वाचता येणार नाही.

आता आकडे. ८०० टॉवेल गेले आणि नगामागे शंभर उरले तर ८०,०००. ५०० ताटं, प्रत्येकी साठ उरले तर ३०,०००. मागाचे १५,०००. मांडव, टेम्पो, मजुरी, वीज यांचे २०,००० वजा. हातात एक लाख पाच हजार. सगळं सुरळीत झालं तर हं, म्हणून मी एक लाखच धरतो. तीन लाख यातून होत नाहीत.

म्हणून वस्तूंची यादी लावा. एक पंखा तीन हजार, एक बाकडं साडेतीन हजार. ही मात्र शुद्ध देणगी, बदल्यात काही नाही, हिला ८०जीचं प्रमाणपत्र द्या. ज्यांनी नवी करप्रणाली घेतलीय त्यांना सूट मिळत नाही, ते आधीच सांगा म्हणजे मार्चमध्ये फोन येत नाहीत. आठ पंखे आणि पंचवीस बाकडी गेली तर एक लाख साडेअकरा हजार. लोकांना ‘तीन लाखांत भर घाला’ म्हटलं की हात खिशापर्यंत जात नाही, पंखा समोर दिसला की जातो.

नाट्यवेडा

देणाऱ्याचं नाव पंख्यावर लिहायचं का?

हिशेबनीस

लिहा. फिरायला लागला की कुणाला वाचता येणार नाही, आणि मार्चमध्ये तो बंद ठेवायची हिंमत कुणी करणार नाही.

पुण्यातलासोलापुरी

दोन बाकडी माझी. नाव नको. आमच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर यादी टाकलीय, पंख्यांवर झुंबड आहे, बाकड्यांना मागणी कमी. बाकडी आधी सुचवा.

जुळेसोलापूरकर

ताजी खबर. चित्रं झाली. पोरांनी काय काढावं हे आम्ही सांगितलं नव्हतं. ढीगभर आली: गड्ड्यातला पाळणा, मागाखाली झोपलेलं मांजर, नळासमोर घागरींची रांग, विडीच्या पानांचं सुपडं घेऊन बसलेली आजी, आणि एका पठ्ठ्यानं नुसता पंखा काढलाय. आजीचं चित्र सगळ्यात सुंदर, पण त्यातल्या रेघा बारीक आहेत आणि पोरगी जाड काढायला तयार नाही. म्हणते मग ती आजीसारखी दिसत नाही. ते दोरीवर लागेल. पाळणा, मांजर आणि घागरी मागावर गेलेत.

नमुना आला. पांढऱ्यावर निळं. मांजराच्या मिशा गेल्या, तेवढं सोडलं तर झकास. मालकांनी ब्याण्णव रुपये दर लावलाय, विक्री दोनशे. बुकिंग वीस तारखेपर्यंत, पैसे ट्रस्टच्या खात्यावर. छतावाल्याने अर्धी रक्कम काम झाल्यावर घ्यायचं कबूल केलंय. एवढं करून इन्व्हर्टर बसत नाही, तो पुढच्या वर्षी.

सातरस्ता

सहा मांजरं माझी. मिशा नसल्या तरी चालतील.

कडकभाकरी

चार घागरी. पावती टॉवेलची द्या, देणगीची नको, नाहीतर काका ओरडतील.

हिशेबनीस

👍

पूर्वभाग७२

माग आमच्या ओळखीच्या घरात माळ्यावर सुटा पडलाय, बघून आलो. लाकूड ठणठणीत आहे, फणी नवी घ्यावी लागेल. आदल्या दिवशी दुपारी चार माणसं आणि एक टेम्पो पाठवा. ताणा भरून जोडायला रात्र जाईल, तेव्हा मैदानात दिवा आणि राखणीला कुणीतरी हवं. धोटे तीन आणा, एक पाहुणे हरवतील.

बाळीवेसबाळ

टेम्पो माझ्या मामाचा आहे. मी येतो, अजून दोघं आणतो. राखणीला पण थांबतो, फक्त चहाचं बघा.